चाकाची कुरकूर आणि न्यायशास्त्र

घरांतील एखादें माणूस कण्हूं लागलें म्हणजे सारें घर जागें होतें. परंतु घरचें एखादें यंत्र कण्हूं लागलें म्हणजे ‘चालतें आहे ना, मग चालूं द्या’ असें म्हणून आपण कानाडोळा करतों. यंत्राला जीव नाहीं हें खरें; पण त्याच्या भरंवशावर आपले जीव असतात हें मात्र आपण विसरतों. मागें एका कार्तिकांत आमच्या धाकट्या बंधूंच्या शेतावर एक लहानसा प्रसंग घडला, त्यानें ही गोष्ट आमच्या मनावर चांगलीच ठसली. हा प्रसंग वाचकांसहि कधींकाळीं उपयोगी पडेल, म्हणून तो येथें यथाक्रम सांगतों.

आमचे बंधु निफाड तालुक्यांत द्राक्षाची बाग करतात. आतां वयपरत्वें सर्व कारभार पुतण्यानें अंगावर घेतला आहे. द्राक्षाच्या दोन ओळींत अंतर काय तें नऊ-दहा फुटांचें, आणि वर वेलींचा मांडव. त्यांतून मोठा ट्रॅक्टर नेणें म्हणजे अंबारीचा हत्ती बोळांतून नेण्यासारखें आहे. म्हणून त्या भागांत वीस-पंचवीस अश्वशक्तीचे, अंगानें अरुंद व बसके असे लहान ट्रॅक्टर वापरतात. त्यांच्यामागें फवारणीचें यंत्र, ज्याला शेतकरी ब्लोअर म्हणतात, तें जोडून औषध मारतात. ऑक्टोबरची छाटणी झाली, कोंब फुटले, घड दिसूं लागले आणि फुलोऱ्याच्या सुमारास आभाळ आलें, कीं केवडा रोगाला आमंत्रणच मिळतें. त्या दिवसांत फवारणीला एक दिवसाचा उशीर म्हणजे वर्षाच्या उत्पन्नावर पाणी पडण्याचा प्रसंग.

दिवाळीसाठीं आम्ही सहकुटुंब तेथें गेलों होतों, ते तुळशीच्या लग्नापर्यंत राहिलों. द्वादशीच्या दोन दिवस आधीं आभाळ भरून आलें आणि पुतण्याची धांवपळ सुरू झाली. त्याच सायंकाळीं बागेंतून परत येणाऱ्या ट्रॅक्टरचा एक विलक्षण आवाज आमच्या कानीं पडला. इंजिनाच्या धडधडीखालीं दबलेला, पण नियमित असा तो ‘खर्र... खर्र...’ चाकाबरोबर जणुं फिरत होता. ट्रॅक्टर थांबला कीं तो थांबे. चालूं लागला कीं पुन्हां सुरू होई.

ओसरीवर लगेच न्यायसभा भरली. पुतण्याचें मत असें पडलें कीं, चालकानें निष्काळजीपणानें चाक पाटाच्या दगडावर आदळलें असावें. “मी याला दहा वेळां सांगितलें, काका. उद्यांपासून दुसरा माणूस पाहतों,” असें तो रागानें बोलला. चालक सात वर्षांपासूनचा माणूस. तो खालीं मान घालून उभा राहिला. भ्रमणध्वनीवरून गांवच्या मिस्त्रीचा सल्ला घेतला, तेव्हां तो म्हणाला, “मागचा डिफरन्शियल खोलावा लागेल, दोन-तीन दिवस तरी जातील.” शेजारच्या बागाइतदारांनीं ब्रेकवर बोट ठेवलें. आमच्या बंधूंनीं व्यवहाराची गोष्ट सांगितली कीं, आधीं दोन दिवस फवारणी उरकून घ्यावी, मग चाकाचें काय तें पाहतां येईल. एवढ्यांत पुतण्याचा मुलगा, वय वर्षें अकरा, हळूच म्हणाला, “मी तर चार दिवसांपूर्वींच सांगितलं होतं, मोठे आजोबा. चाक दळण दळतंय.” त्याच्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. आम्हींहि दिलें नाहीं, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे.

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि पुढें संस्कृताचें. यंत्रविद्येचा व आमचा संबंध दुरूनच नमस्कार करण्याचा. परंतु अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ची संथा आम्हीं घेतली आहे व पुढें विद्यार्थ्यांनाहि दिली आहे. त्यामुळें ओसरीवरील मतें ऐकतां ऐकतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. जेथें धूर तेथें अग्नि, हें अनुमान बरोबर आहे. पण जेथें अग्नि तेथें धूर, हें बरोबर नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. त्याचप्रमाणें डिफरन्शियल बिघडला तर आवाज होतो, हें मिस्त्रीचें ज्ञान खरें; पण आवाज होतो म्हणून डिफरन्शियलच बिघडला, हें त्यांतून निघत नाहीं. तसाच चाक दगडावर आपटल्यानें आवाज होऊं शकेल; पण आवाज झाला म्हणून चालकानेंच तें आपटलें असें ठरत नाहीं. शास्त्रांत आप्तवाक्य प्रमाण मानलें आहे खरें, परंतु ज्यानें वस्तु पाहिलेली नाहीं तो त्या वस्तूपुरता आप्त कसा? आम्हीं पुतण्यास एवढेंच सांगितलें, “उद्यां सकाळीं आम्हांस दोन तास दे. तोंपर्यंत बाग कांहीं वाळत नाहीं, आणि कोणाची भाकरीहि जावयाची नाहीं.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पडवीसमोरच्या सपाट रस्त्यावर परीक्षेला आरंभ झाला. आमचें साधन एकच होतें, अन्वय आणि व्यतिरेक. अमुक असतां आवाज असतो व तें नसतां नसतो, अशी जोडी मिळाली कीं कारणाचा माग लागतो.

प्रथम ट्रॅक्टर जागेवर उभा ठेवून चालकाला इंजिन सुरू करण्यास सांगितलें व मग ब्लोअरहि चालविला. इंजिन धडधडलें, पंखा घोंगावला. पण ‘खर्र’ नाहीं तो नाहींच. म्हणजे इंजिन, पंप व ब्लोअर हे तिघेहि निर्दोष सुटले. मग सर्व चाकें नीट न्याहाळलीं. टायरच्या खांचांत एखादा खडा रुतला असला म्हणजे तोहि प्रत्येक फेऱ्याला एकदां ‘टक्’ करतो व मोठमोठ्यांना फसवितो. एक खडा निघालाहि. पण तो काढल्यावर आवाजांत कांहींच फरक पडला नाहीं. चाकांचे नट पान्यानें तपासले. सारे घट्ट होते. नट सैल असता तर चकती व टायरची लोखंडी कडी एकमेकांवर सरकून ‘कट्-कट्’ असा सुटा आवाज करतात.

यानंतर ट्रॅक्टर संथ चालींत सरळ नेण्यास सांगितलें. आवाज सुरू झाला. ब्रेकवर हलका पाय ठेवविला. त्यानें तो वाढलाहि नाहीं, बदललाहि नाहीं. ब्रेकचा दोष असता तर पाय टेकतांच चर्र-चीं असा फरक पडला असता. सबब शेजाऱ्यांचें अनुमान गळालें. डिफरन्शियल म्हणजे वळणावर आंतल्या व बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या गतीनें फिरूं देणारी दांतेरी चाकांची योजना. त्यांतील लहान दांतेरी चाकें ट्रॅक्टर सरळ जात असतां स्वतःभोंवतीं फिरत नाहींत. वळतांना मात्र फिरतात. तेव्हां त्यांचा आवाज मुख्यतः वळणावरच ऐकूं यावयाचा. येथें तर आवाज सरळ चालीतहि येत होता. मिस्त्रीच्या निदानाविषयीं संशय घेण्यास एवढें पुरेसें होतें. मात्र खंडन करण्यास पुरेसें नव्हतें.

आम्ही येथेंच अडलों असतों. पण तुळशीवृंदावनाजवळ उभ्या असलेल्या आमच्या भावजयीनें सहज म्हटलें, “पूर्वी आपल्या जात्याला एके ठिकाणीं टवका गेला होता, तेव्हां तें असंच फेऱ्याला एकदां खरखरायचं. दळतांना आम्ही फेरे मोजीत असूं.” नातवाचें ‘दळण’ आम्हांस त्या क्षणीं आठवलें. फेरे मोजणें! गणित आयुष्यभर शिकविलें, आणि तें वेळेवर आम्हांस सुचलें नाहीं.

लगेच दोरी आणवून चाकांचे परीघ मोजले. पुढील चाकाचा सुमारें ६ फूट व मागील चाकाचा सुमारें ९ फूट भरला. रस्त्यावर ९० फुटांचें अंतर आंखलें. एवढ्या अंतरांत पुढचें चाक १५ फेरे घेणार व मागचें १०. चाकांवर खडूच्या खुणा केल्या, आणि नातवाला आवाज मोजण्यास सांगून ट्रॅक्टरपासून चार हात दूर, बाजूनें चालविलें. तो मोठ्यानें मोजूं लागला. नव्वद फूट संपले तेव्हां त्याचा आंकडा झाला होता पंधरा. पुन्हां मोजलें, पुन्हां पंधराच. मागील चाकांचा, व त्यांना जोडलेल्या डिफरन्शियलचा, यांत संबंध उरला नव्हता. दोष पुढील दोहोंपैकीं एका चाकांत होता.

दोहोंपैकीं कोणत्या, हें ठरविण्यास दोन खुणा मिळाल्या. डावीकडे वळतांना आवाज वाढे. म्हणजे ज्या चाकावर बाजूचा रेटा अधिक येतो, त्या उजव्या चाकाकडे संशय वळला. दुसरी खूण उष्णतेची. पाव तास चालवून ट्रॅक्टर थांबविला व दोन्ही चाकांच्या तुंब्यांजवळ, ज्यांना मिस्त्री लोक हब म्हणतात, हाताची पाठ नेली. डावा तुंबा कोमट होता. उजव्याची धग हात न लावतांहि कळत होती.

आतां चाक उचलून पाहणें प्राप्त होतें. येथें वाचकांस एक सूचना आग्रहानें करतों. जमीन सपाट व घट्ट असावी; इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी; हाताचा ब्रेक ओढून मागील चाकांना पुढून व मागून दगड लावावे; आणि जॅकनें आंस उचलल्यावर त्याखालीं लाकडाचा भक्कम ओंडका किंवा लोखंडी तिवई द्यावी. नुसत्या जॅकवर विसंबून चाकाखालीं हात-पाय घालणें म्हणजे कच्च्या सुतानें लोंबणाऱ्या तरवारीखालीं बसणें होय. हें सर्व चालकानें आमच्यापेक्षां चांगलें केलें, हेंहि सांगितलें पाहिजे.

अधांतरीं चाक वर व खालीं अशा दोन जागीं धरून हालविलें. तें दांत हलावा तसें हललें. हातानें फिरविलें तर फेऱ्यांत एके ठिकाणीं अडखळे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक आंसाच्या टोंकापाशीं टेकवून मूठ कानाला लावली, व दुसऱ्यास चाक हातानें फिरविण्यास सांगितलें. १८१६ सालीं लायनेक नांवाच्या फ्रेंच वैद्यानें कागदाची सुरळी रोग्याच्या छातीवर ठेवून हृदयाचे ठोके ऐकले, व त्यांतून पुढें डॉक्टरांची नळी निघाली. त्याच जातीची ही युक्ति आहे. जात्यांत खडा आल्यासारखी खरखर स्पष्ट ऐकूं आली. डाव्या चाकाला तसेंच करून पाहिलें. तेथें नुसती सुळसुळ होती. अन्वय झाला, व्यतिरेकहि झाला.

मिस्त्रीला बोलावून तुंबा खोलविला. या तुंब्यांत दोन बेअरिंगें असतात, आंत मोठें व बाहेर लहान. त्यांतील पोलादी रूळ सरळ नसून शंकूसारखे निमुळते असतात. घोडागाड्या बनविणाऱ्या हेन्री टिम्किन नांवाच्या अमेरिकन कारखानदारानें १८९८ सालीं अशा बेअरिंगांचें पेटंट मिळविलें. गाडी वळली म्हणजे चाकावर केवळ वरून वजन येत नाहीं, बाजूनेंहि रेटा येतो. हे दोन्ही भार निमुळता रूळ एकदम सोसतो. आमच्या तुंब्यांतील वंगण मात्र काळसर-पिवळें असावयाचें तें ताकासारखें पांढरट झालें होतें. तें पाण्याचें लक्षण होय. रुळांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते, आणि तुंब्याबरोबर फिरणाऱ्या बाहेरील कड्याचा एका ठिकाणीं टवका गेला होता. तो टवका ज्या वेळीं खालीं, म्हणजे भाराखालीं येई, त्या वेळीं ‘खर्र’ होई. फेऱ्याला एकदां, नव्वद फुटांत पंधरा वेळां. भावजयीचें जातें आणि हें कडें यांत कांहींच अंतर नव्हतें.

मिस्त्री प्रांजळ होता. “गुरुजी, न बघतां बोललों, माझं चुकलं,” असें म्हणून त्यानें आणखी दोन दिवस ही बेअरिंगें चालविलीं असतीं तर काय झालें असतें तें सांगितलें. रूळ फुटून चाक जाम झालें असतें, किंवा आंसाचें टोंक झिजून तुटलें असतें व चाक निखळून पडलें असतें. बागेच्या वाटेवर एके ठिकाणीं विहिरीच्या कांठाला लागून उतार आहे. त्याचें स्मरण होऊन कोणी कांहीं बोललें नाहीं.

पण कारणाचें कारण अद्याप शोधावयाचें होतें, कारण एका माणसाच्या अन्नाचा प्रश्न त्यावर अवलंबून होता. तुंब्यांत पाणी शिरलें कोठून? चाक दगडावर आपटलें असतें तर चकती वांकली असती, टायरच्या कडीला पोचा आला असता. तसें कांहींच दिसेना. मात्र तुंब्यावरील धूळ अडविणारें झांकण एका बाजूनें उचकटलेलें होतें, व आंतील रबरी कडें, ऑईल सील, याची धार फाटली होती. तेव्हां चालक भीत भीत बोलला. फवारणी झाल्यावर ट्रॅक्टरवर उडालेलें औषध धुवावें लागतें. तें पूर्वीं तो बादली व चिंध्यानें धूत असे. दोन महिन्यांपूर्वीं पुतण्यानें मोठ्या हौसेनें जोराच्या फवाऱ्यानें धुण्याचें यंत्र आणलें आणि चाकांचे तुंबे जवळून, चांगले चकचकीत होईपर्यंत धुवावे अशी आज्ञा केली. अशा फवाऱ्याचें पाणी सीलच्या धारेला उचलून आंत शिरतें, वंगण नासतें, आणि पोलाद गंजून त्याचे टवके उडूं लागतात. चालकानें आज्ञा पाळली, एवढाच काय तो त्याचा अपराध. झांकण उचकटल्याचें त्यानें एकदां सांगितलेंहि होतें. पण त्या दिवशीं द्राक्षाच्या भावाची गडबड चालली होती.

पुतण्या बराच वेळ गप्प राहिला. तो स्वभावानें वाईट नाहीं. आपल्याकडील बहुतेक यजमानांप्रमाणें संकटांत प्रथम आपल्याखालच्या माणसाकडे बोट दाखविण्याची त्याला संवय होती इतकेंच. त्यानें सर्वांदेखत चालकास म्हटलें, “चूक माझी होती.” हे तीन शब्द कोणत्याहि बेअरिंगापेक्षां महाग असतात, असा आमचा घरोघरचा अनुभव आहे.

दुरुस्ती दुपारपर्यंत आटोपली. बेअरिंगें बदलतांना रूळ व त्यांचें बाहेरील कडें हीं दोन्ही नवीं घालावीं. जुन्या कड्यांत नवे रूळ घातले तर तेहि लवकर बिघडतात. नवें सील बसविलें, बोटांनीं रुळांच्या फटींत ग्रीस दाबून भरलें, चाक फिरवीत फिरवीत नट किंचित् आंवळला, मग जरा सैल करून कॉटर पिन घातली. नट फार आंवळला तर बेअरिंग तापून जळतें, सैल राहिला तर चाक डुलतें. मध्यम मार्ग येथेंहि श्रेयस्कर. डावें चाकहि उघडून पाहिलें, तों तेथेंहि पाणी शिरण्यास प्रारंभ झाला होता! न दुखणाऱ्या अवयवाकडेहि पाहावें, हें वैद्यांचें म्हणणें खोटें नाहीं. डिफरन्शियल खोलण्यांत दोन-तीन दिवस व कितीतरी अधिक पैसा गेला असता, आणि खोलूनहि आवाज तसाच राहिला असता. येथें एक दुपार गेली. तिसऱ्या प्रहरीं ट्रॅक्टर बागेंत गेला, व फवारणी रात्रीं दिवे लावून पुरी झाली.

ज्या वाचकांच्या घरीं असें वाहन असेल त्यांनीं इतकें लक्षांत ठेवावें. वेगाबरोबर वाढणारी सततची गुरगुर किंवा फेऱ्याला एकदां होणारी खरखर बेअरिंगाकडे बोट दाखविते. सुटी ‘टक्-टक्’ ऐकूं आल्यास आधीं टायरमधील खडा व चाकाचे नट पाहावे. केवळ वळणावर होणारा कडकडाट डिफरन्शियलचा असूं शकतो. पण त्याआधीं डिफरन्शियल लॉकचा खटका अडकून तर राहिला नाहीं ना, हें पाहावें. चारहि चाकांना इंजिनाची शक्ति मिळणारा ट्रॅक्टर असेल तर पुढील चाकांचा जोड कठीण रस्त्यावर सोडवून ठेवावा. नाहींतर पुढचीं व मागचीं चाकें एकमेकांशीं ओढाताण करतात, टायर घासतात व निष्कारण आवाज होतो. आणि आवाजाचें कारण कळत नसेल, तर तें कळेपर्यंत वाहन उभें करावें.

आतां एक गोष्ट उरली, आणि तीच सांगण्यासाठीं खरें म्हणजे लेखणी हातीं घेतली. त्या ट्रॅक्टरवर चालकाखेरीज दुसऱ्याला बसण्याची जागा नाहीं. तरी आमचा नातू शाळेंतून आला कीं मागील चाकाच्या मडगार्डवर बसून रोज बागेंत जात असे. आम्ही सर्व वडील मंडळी ओसरीवरून तें कौतुकानें पाहत होतों. आवाज सर्वांआधीं त्याच्याच कानीं पडला याचें कारण तो रोज त्या चाकापासून चार-पांच फुटांवर बसत होता! उतारावर चाक निखळतें तर प्रथम कोण खालीं पडलें असतें, हें लिहिण्यास आमचा हात धजत नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं त्याला जवळ बोलावून विचारलें, “चार दिवसांपूर्वीं सांगितलेंस, तर पुन्हां कां सांगितलें नाहींस?” तो म्हणाला, “बाबा म्हणाले, मोठ्यांच्या मध्यें बोलूं नये.” हा धडा त्याला आम्हींच कधींतरी दिला असेल. त्या घरांत चाकाचा दोष तिघांस आधीं ठाऊक होता. मुलाला तो ऐकूं आला होता, चालकाला त्याचें मूळ दिसलें होतें, आणि भावजयीला त्याची जात ओळखतां आली होती. ओसरीवर ज्यांचा शब्द चालतो त्या आम्हां चौघांस मात्र त्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें.

आतां त्या घरीं दर शनिवारीं सायंकाळीं ट्रॅक्टर उभा करून चालक चारहि तुंबे तपासतो. झांकणें पाहतो, तुंबे चिंध्यानें पुसतो. मडगार्डवर कोणी बसत नाहीं. नातू पायीं चालत बागेंत जातो, आणि परत आल्यावर त्याचे वडील त्याला विचारतात, “आज काय काय ऐकलंस?”